आबांना ऐकू आलं नाही

प्रिय योगू,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. सवयीने लिहून गेले, म्हणून राहू देते.

गेल्या रविवारी तापीकाठच्या तुझ्या पक्षी-फेरीला आबांना तूच बोलावलंस. बाहेरून येणारे पक्षी उतरायला लागलेत, पण नेमके कुठे ते मला सापडत नाही, असं फोनवर तूच म्हणालास. मी डिंडोलीहून पहिल्या बसने त्यांना घेऊन आले. शर्टाला त्यांनी स्वतः इस्त्री केली होती. तुझ्या वीस पाहुण्यांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या. आबांनी नुसते डोळे बारीक केले आणि चिखलात शेपटी हलवत पळणारा यंदाचा पहिला धोबी पक्षी दाखवला. टाळ्या मात्र तुला पडल्या.

तेवढ्यात त्या वेसूच्या गुजराती बाईंनी विचारलं, "आ काका कोण छे?" तू हसत म्हणालास, "बाजूना गामना छे. रस्तो बतावे छे."

मी तुझ्या मागेच उभी होते. बाजूच्या गावचे? रस्ता दाखवणारे? स्वतःच्या बापाला? कारखान्याच्या सुट्टीला झोप सोडून, तुला खांद्यावर घेऊन, त्या काठावर कोण न्यायचं रे? धोबी भाद्रपदात येतो, हे तुला कोणत्या कोर्सात शिकवलं? तू कॉलेजात जावंस म्हणून तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे राहिले, त्यात त्यांचे कान गेले. तेच बहिरेपण रविवारी तुझ्या कामी आलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते बिचारे त्या बाईंकडे बघून मान डोलवत हसले.

परतताना बसमध्ये त्यांनी माझा दंड धरून विचारलं, "ती बाई काय म्हने? योगू काय बोलना?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, की तू म्हणालास, हे माझे वडील, मला सगळं यांनीच शिकवलं. अख्ख्या बसने वळून पाहिलं. आबा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

तेव्हापासून ते गल्लीभर हेच सांगत फिरतायत. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी धुडकूकाका आणि भटूमामा त्यांच्यासोबत तुझ्या फेरीला येणार आहेत, तेच तुझ्या तोंडून ऐकायला. त्या दोघांचे कान अजून शाबूत आहेत. मी तुझ्यासाठी पुन्हा खोटं बोलणार नाही. फेरी सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर, तूच सांग. आणि आबांच्या कानाशी जाऊन, ओरडून सांग.

अजून तरी तुझीच,
गायत्रीताई