दोन बोटी आणि आईचा डबा

स्वस्ति श्री जुन्या-वस्तू-परीक्षक-चक्रवर्ती, सेकंडहँड-स्कूटर-संजीवक, विक्रेता-धैर्य-विध्वंसक, कटिंग चहाचेही दोन भाग करणारे, डुगडुगत्या टेबलांचे आधारस्तंभ, अखंड-लेंगाधारी तीर्थरूप...

बाबा,

आपण इहलोकीची यात्रा आटोपलीत त्यास दोन तपे लोटली. त्यामुळे आपला सुपुत्र नौकाधिपती झाल्याचे वृत्त किंचित विलंबाने निवेदन करीत आहे. गैरसमज नसावा. नौका म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांबलचक पोकळ नळ्या, त्यांवर सपाट तळ, भोवती कठडा, मागे इंजिन. थोडक्यात, पाण्यावर सोडलेली आपली गॅलरी. इकडे तिला पाँटून म्हणतात.

आम्ही इकडे डच मुलखात, उइटहॉर्न गावी, आम्स्टेल नदीच्या काठी राहतो. ऊन पडले की सारे गाव नदीवर असते. आई दर उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी येते आणि ते तीन महिने खिडकीपाशी बसून काढते. गुडघ्यांचे निमित्त. "तुम्ही जाऊन या रे, मी वरणभात लावून ठेवते," या एकाच वाक्याने तिने आमच्या समस्त सहली निष्प्रभ केल्या होत्या. नौकेचा संकल्प या वाक्याविरुद्धच सोडलेला. तीत आई पाऊल ठेवणार नसेल, तर संकल्प काठावरच बुडाला.

विक्रेत्याकडे दोन वापरलेल्या नौका होत्या. एक निळीशार, बलदंड इंजिनाची. तिच्यावर मी प्रथमदर्शनीच अनुरक्त झालो. दुसरी तपकिरी, गाद्यांचा रंग उडालेला, गती बदकाहून किंचित न्यून. निर्णय झाल्यातच जमा होता. पण मला तुम्ही पारखायला गेलेली ती जुनी स्कूटर आठवली. मालक किक मारून इंजिनाची थोरवी गातो आहे, आणि तुम्ही म्हणता, "इंजिन राहू द्या हो, आधी माणसं बसू द्या." मी पुढे उभा, मागे ताई, तिच्यामागे आई तिरपी, मांडीवर डबा. स्कूटर जागची हललेली नाही, आणि तुमची गंभीर पृच्छा: "डबा नीट धरता येतोय ना?" मालकाची मुद्रा मला अद्याप दिसते.

तेव्हा पुढल्या शनिवारी मीही शास्त्रोक्त पद्धतीने सकुटुंब, सडबा उपस्थित झालो. विक्रेत्याने किल्ली पुढे केली. "चालवायची नाही," मी इंग्रजीत म्हणालो, "नुसतं बसायचंय." त्याने माझ्याकडे पाहिले, मग डब्याकडे.

निळ्या नौकेत शिरायला पाऊल बरेच उंच टाकावे लागे. आईने पदर खोचला, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "तुम्ही जाऊन या रे. मी आपला वरणभात..."

"आई, इथे कुठे कुकर लावणार?" सौ. म्हणाली. पण हसले कोणीच नाही.

तपकिरीचे दार मात्र धक्क्याच्या अगदी समपातळीत उघडत होते. कन्या आत उडी मारून ओरडली, "कोम, आजी, कोम!" तिला मराठी सारे कळते, फक्त उत्तरे डचमध्ये येतात. आजीला डच येत नाही, पण 'ये' म्हणणारा हात कळतो. उंबरा ओलांडावा तशी ती आत गेली. समोरासमोर बाके, मध्ये टेबल. तिने गादी दाबून पाहिली, बसली, आणि कोणालाही न विचारता डबा उघडला. धपाटे, लोणी, मिरचीचा ठेचा. "त्या मालकालाही दे. उभा काय राहिलाय खांबासारखा?"

मालकाने दोन धपाटे खाल्ले. ठेच्याने त्याचे गौरवर्ण मुखमंडल आरक्त झाले. मी विजयी मुद्रेने उठलो, तोच आई म्हणाली, "झालं? सुरू नाही का करणार? मेलं नुसतं बसवून ठेवायचं, अगदी बापासारखं!"

आणि आम्ही निघालो. दुतर्फा गवत, गाई, मागे पडणारी घरे. समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करायचा, हा इथला रिवाज. आई प्रत्येकाला हात करते आहे; परतीच्या वाटेवर तीच माणसे भेटली तर पुन्हा, आता ओळखीच्या हक्काने. तपकिरी अर्थातच घेतली, आणि वरणभाताचा विषय तेव्हापासून निघालेला नाही. परवा तर तीच दारात चपला घालून उभी: "उठा रे, ऊन आहे!"

हे पत्र धाडायचे कोठे, हा प्रश्न मला पडलेलाच नाही. खरे सांगतो, नौकेतल्या टेबलाचा खांब ज्या खोबणीत बसतो तिथे बोटभर फट आहे, आणि मला जाडसर कागद हवा होता. आपल्या पद्धतीने चार घड्या घालून हेच पत्र खोचले, काढले, पाच घातल्या; आता एवढे लिहायला पुन्हा उलगडले आहे. टेबल अजूनही डुगडुगतेच, बाबा, आणि दर वळणाला माझाच चहा सांडतो.