तळ्यावरचा सतरा नंबर

३ एप्रिल १९७४
जॉब मिळाला! कारफोनच्या एक्सचेंजवर ऑपरेटर! समोरच्या खिडकीतून गोठलेलं हौकी तळं आणि त्यावरचा ट्रकचा रस्ता दिसतो. ड्रायव्हर गाडीतून नंबर मागतात, मी वायर खोचून जोडते. अख्ख्या भागाला चॅनेल एकच, त्यामुळे एकाचं बोलणं सगळे फुकट ऐकतात. माझा भाऊ एस्को आज ट्रकमधून म्हणाला, मॅडम, आईला जोडा, जेवायला परत माशाचं सूप असेल तर मी घरी येत नाही. सगळे ड्रायव्हर खिदळले. बोलताना बटण दाबायचं, मग सोडायचं. कोणी दाबूनच धरलं, तर बाकीचे मुके.

५ एप्रिल
कुणीतरी बटण धरून बसलं होतं. नुसती बुडबुड. मग एक पुरुषाचा आवाज शांतपणे म्हणाला, सतरा बोलतोय, रस्ता चालू आहे का? सीनियर रौहाबाईंचं विणकाम थांबलं. म्हणाल्या, पोरी, सतराला उत्तर द्यायचं नाही.

८ एप्रिल
आज त्यांनी सांगितलं. सतरा म्हणजे तैस्तो, लाकडाच्या ट्रकवाला. गेल्या एप्रिलमध्ये बर्फावरून त्याने हेच विचारलं. रस्ता तेव्हा नुकताच बंद केलेला. पण मिलचे साहेब चॅनेलवर बायकोशी सॉना तापवण्याबद्दल बोलत होते. साहेबांचा कॉल तोडायचा नाही, हा नियम. रौहाबाई त्याला म्हणाल्या, थांब.

तो थांबला. भरल्या ट्रकने, वितळत्या बर्फावर. उभ्या ट्रकखाली बर्फ फुटला. चालवत राहिला असता तर पोचला असता.

मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही? म्हणाल्या, माझी पेन्शन जवळ आलीय.

९ एप्रिल
रस्ता आत्ताच बंद झाला. एस्को लाकूड भरून तळ्यावर उतरलाय, खिडकीतून दिसतोय. त्याला फक्त सांगायचंय, थांबू नकोस, चालवत राहा. चॅनेलवर साहेब. पडद्यांचा रंग ठरवतायत. रौहाबाई म्हणतात, हात लावशील तर नोकरी गेली.

वायर उपटली. साहेब गेले—

बुडबुड. सतराने बटण धरलंय. मी ओरडतेय, एस्कोला काही पोचत नाही— 

सोडलं. एस्कोचा आवाज— मॅडम, रस्ता चालू आहे ना?

बाईचा आवाज. थांब, म्हणाली. रौहाबाईंचा नाही, त्यांनी स्वतःचं तोंड दाबून धरलंय. आवाज माझा आहे. मी तर बटण परत दाबलंच नाहीये—

ट्रक थांबला. शहाण्यासारखा, मधोमध—

एस्को, चालव, चाल—