कलकत्त्याच्या गाण्याला सोबत

सौंदड,
१२ नोव्हेंबर २०२५

आयुष्मती रुक्माबाई यांना सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. इकडे सगळे ठीक आहेत, धान कापून झाला आहे, आणि माझा गुडघा जिथल्या तिथे दुखतो आहे. आधी फोनच केला होता. तुमच्या मालकांनी, देवाजीभाऊंनी, माझा आवाज ऐकला, "राँग नंबर" म्हणाले आणि ठेवून दिला. सगळी नोकरी गोंदियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला हे सांगतात! राँग नंबरवाला माणूस आधी "कोन बोलते?" म्हणून विचारतो. ज्याला ओळख पटलेली असते तोच न विचारता ठेवतो. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

कामाचं लिहिते. २० डिसेंबरला, शनिवारी संध्याकाळी, कलकत्त्याला एका जुन्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. चाळीसएक माणसं एकत्र उभी राहून गातात, त्यात रुची आहे, तुमची मुलगी आणि माझी सून. "माजी" हा शब्द मला लिहवत नाही. कोर्टाने लिहिला तेवढा पुरे. रुचीने दोन पास पाठवले आहेत. एक माझा, एक तुमचा. गोंदियाहून हावड्याची गाडी थेट जाते. तुम्ही आदल्या दिवशी केशोरीहून बसने माझ्याकडे या, पुढचं मी बघते.

आता तुम्ही म्हणाल, हिला अचानक काय झालं. तीन वर्षांत आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. रुचीची बढतीवर कलकत्त्याच्या शाखेत बदली झाली, माझ्या दिवट्या चिरंजीवाने "जाशील तर वापस येऊ नको" म्हणून ऐकवलं, ती गेली, कागद झाले. तेव्हा दोन घरांत जे व्हायचं ते झालं. पण एक मला कळत नाही, आणि त्याचा मला राग येतो, म्हणून विचारते. नव्या धानाचा तांदूळ लेकीच्या सासरी पाठवायची आपल्याकडे रीत आहे, मान्य. लेक सासरी नसताना तुम्ही तो काऊन पाठवता? दर वर्षी केवळराम कंडक्टर सौंदडच्या स्टँडवर गोणी उतरवतो आणि "केशोरीहून" एवढंच म्हणतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, टोमणा आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, सवय आहे. यंदाची गोणी परवा आली. तुमचा तांदूळ वाया जात नाही, एवढं सांगते. याहून जास्त सध्या विचारू नका.

लोकेशला रायपूरला फोन करून सांगितलं की मी कलकत्त्याला जाते आहे. म्हणाला, "आई, तू माझी आई हायेस का तिची?" म्हटलं, "दोघांची असायला वेगळा टॅक्स लागतो का?" त्याने फोन ठेवला. आजकाल सगळे माझे फोन ठेवतात. शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या, "बाई, एवढ्या थंडीत कायले जाता? मोबाइलवर दिसते नं सारं." म्हटलं, "मोबाइलवर भातही दिसतो नंदाबाई, पोट भरते का?" या लोकांना वाटतं पेन्शन सुरू झाली की माणसाने खाटेवर बसून स्वतःच्या गोळ्या मोजाव्यात.

खरं सांगू, मी कलकत्ता कधी पाहिलेलं नाही. मला ते कानाने माहीत आहे. जुन्या दिवसांत गोंदियाचे तांदळाचे आणि बिडीपत्त्याचे व्यापारी कलकत्त्याचे ट्रंक कॉल लावायचे. लाइन जुळली की आधी समुद्रासारखा सूंऽ आवाज यायचा, मग कुठल्याशा गादीवरचा माणूस बंगालीत खोकायचा, आणि त्याच्या मागे, फार लांब, ट्रामची घंटा वाजायची. कॉल जोडून झाला की कानावरचं यंत्र काढायचं असतं. मी थोडं उशिरा काढायची. व्यापाऱ्यांच्या भावांशी मला काय करायचं होतं? मी घंटा ऐकत असे. आता संध्याकाळी अंगणात बसते तेव्हा शेतांवर धूर आणि धुकं एकत्र पसरतं, इटियाडोह धरणाच्या कालव्याकडून गार वारा येतो, आणि डोळे मिटले की मला ती ट्राम दिसते. पिवळे दिवे, ओला रस्ता, आणि आपण दोघी शाली पांघरून तिच्यात बसलेल्या. तुम्ही खिडकीशी. मी तिकिटं धरून. कुठे उतरायचं ते दोघींनाही माहीत नाही आणि कोणाला घाई नाही.

चर्च म्हणून बिचकू नका. कोणी गुडघे टेकायला लावत नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलात मी शाळेची सगळी वर्षं नन्सच्या हाताखाली काढली, तरी माझ्या तोंडचा जयभीम गेला नाही. गाणी परक्या भाषेत असतील. असू द्या. आम्ही पोरी लॅटिन गायचो, अक्षर कळत नव्हतं, आणि तरी सिस्टर बेनेडिक्टा रडायच्या. आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक बघायला रात्रभर धानाच्या तणसावर बसणाऱ्या बाईने दीड तासाच्या गाण्याला भ्यावं, हे मी ऐकून घेणार नाही.

दोन स्वेटर आणा. एक अंगावर, एक बदलायला. उत्तर केवळरामकडे द्या, पोस्टावर माझा भरवसा नाही.

आपली,
अल्का


सौंदड,
२३ नोव्हेंबर २०२५

आयुष्मती रुक्माबाई,
जयभीम.

तुमची चिठ्ठी केवळरामने दिली. देताना म्हणाला, "म्याडम, बाई बस सुटेस्तोवर मले सांगत होती, हरवू नोको, हरवू नोको. मी का पोस्टमन हावो?" मी त्याला चहा पाजला आणि गप्प केला.

चिठ्ठी तीन ओळींची. मी ती तीन दिवस टेबलावर ठेवली आहे. तुम्ही लिहिता, "कलकत्ता मले नोका सांगू. तिनं माझं नाव घेतलं का, तेवढं लिवा. खोटं लिवू नोका, तुमाले जमत नाही."

जमत नाही ते खरं. घ्या मग.

नाही. तिने तुमचं नाव घेतलेलं नाही. पाकिटात दोन पास होते आणि एक ओळ: "मम्मी, एकट्या येऊ नका, सोबतीला कोणीतरी आणा." दुसऱ्या पासावर नाव नाही. तिच्या मनात बहुधा नंदाबाई असाव्यात. ते "कोणीतरी" म्हणजे तुम्ही, हे मी ठरवलं. तिला न विचारता ठरवलं आणि तुम्हाला तिचं म्हणून लिहिलं. रागवायचं तर रागवा, पण पुढचं वाचून मग रागवा.

लोकेशने ऐकवलं त्या दिवशी ती केशोरीला आली तेव्हा अंगणात मळणी चालू होती आणि तुम्ही म्हणालात, "लेकीचं घर सासरी असते. आल्या बसनं वापस जा." पाणीही न पिता ती परतली, हे तिनेच मला सांगितलं. इथे माझ्याकडे येऊन सांगितलं, रुक्माबाई, ज्या घरातून निघाली होती त्याच घरात. त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली आणि सकाळी मी तिला गोंदियाला गाडीत बसवून दिलं. लोकेश अजून मला त्याचं ऐकवतो. तुम्ही का तसं बोललात ते मला माहीत आहे. तुमच्या मनात होतं, ती परतली तर संसार वाचेल. वाचला नाही. माझा मुलगा माझा आहे, म्हणून तो संसार वाचवण्यासारखा होता असं मी म्हणणार नाही.

आता तांदळाचं. पहिली गोणी आली तेव्हा मी ती उघडून बराच वेळ नुसती बघत बसले. चिन्नोर तांदळाचा वास घरभर झाला होता. मग मी अर्धा तांदूळ एका पिशवीत भरला, शिवला, आणि ओळखीच्या एक बाई हावड्याला निघाल्या होत्या त्यांच्याबरोबर रुचीला पाठवून दिला. आठवड्याने तिचा फोन.

"मम्मी, हा तांदूळ कुठला?"

"दुकानातला."

"दुकानदार निरगुडीची पानं घालतो का तांदळात?"

कीड लागू नये म्हणून तुम्ही घालता ती पानं. मी वरवरची काढली होती, सगळी निघाली नसावीत. मी म्हटलं, "आमच्या सौंदडचा दुकानदार हुशार आहे." ती काही बोलली नाही. गप्प बसण्याचे प्रकार मला ओळखू येतात, तोच माझा धंदा होता. लाइन मेली की एक गप्प असतं. माणूस फोन ठेवून गेला की दुसरं. आणि माणूस फोन कानाला घट्ट धरून बसला की तिसरं, त्यात श्वास ऐकू येतो. हे तिसरं होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि तिनेच विचारलं, "मम्मी, यंदा तांदूळ आला का?" तुमचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. तांदूळ आला का, एवढंच विचारलं. यंदाही विचारून झालं आहे.

तुमच्या चिठ्ठीनंतर मी तिला फोन केला. भीत भीत केला, हे फक्त तुम्हालाच सांगते. म्हटलं, "रुची, सोबतीला तुझ्या आईला आणते आहे."

परत तेच तिसरं गप्प. मी वाट पाहिली. मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कोणीतरी कमळाच्या फुलांचा भाव करत होतं. ट्राम काही ऐकू आली नाही. मग ती म्हणाली, "मम्मी, तिला आधीच सांगून ठेवा, चर्चमध्ये चप्पल काढावी लागत नाही. नाहीतर ती काढेल, आणि कुठे ठेवू म्हणत दाराशीच उभी राहील. फरशी फार गार असते इथली."

एवढंच. "आणा" म्हणाली नाही, "नको" म्हणाली नाही. माझं तिकीट मी काढलं आहे. शेजारची जागा तुमच्या नावाने काढली आहे. वय अंदाजाने टाकलं, कमीच टाकलं, चेकरने विचारलं तर आपण दोघी भांडू त्याच्याशी.

येणार की नाही, ते कळवा.

अल्का


सौंदड,
७ डिसेंबर २०२५

रुक्माबाई,
जयभीम.

"येतो मी. ह्यायले सांगतलं, भाकरी शेजारीण देईन. पण तिच्यापुढं गेल्यावर बोलू काय? मले काही सुचून नाही राहिलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिवून द्या, मी पाठ करतो."

ही तुमची चिठ्ठी वाचून मी पहिल्यांदा हसले. मग उठून अंगणात गेले आणि धुकं उतरेपर्यंत तिथेच बसले. देवाजीभाऊ हो म्हणाले, हे मात्र मला अजून खरं वाटत नाही. गाडीत बसेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवा.

लिहून देणार नाही. पाठ केलेलं ती ओळखेल. आणि त्याची गरजही नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी पासावर छापलेली नाही.

लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात रुची आणि मी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होतो. मी होस्टेलातलं एक जुनं गाणं गुणगुणत होते. तिने न विचारता त्याच्या खालचा सूर धरला. माझ्या सुराला धक्का नाही, आणि तिचा सूर स्वतंत्र. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. त्या खालच्या सुराला आल्टो म्हणतात. वरच्या पट्टीतल्या बायका टाळ्या घेतात, आल्टोवाल्या काम करतात. दोन हिवाळे मी तिला शिकवलं, गाण्याच्या कागदावरचे काळे ठिपके कसे वाचायचे तेही. कलकत्त्याला ती परक्या माणसांत एकटी गेली तेव्हा तेवढंच घेऊन गेली. आमच्या वेळची ती चाल पुढे कोणी गाईल असं मला वाटलं नव्हतं.

तर तो कार्यक्रम असा असेल. संध्याकाळ. बाहेर थंडी, आत मेणबत्त्या, उंच छत, इतकं उंच की आपल्या घरातला एकही आवाज तिथवर पोचला नसता. आपण बाकावर बसू, चपला पायात. ती दुसऱ्या रांगेत डावीकडे उभी असेल, आल्टो तिथे असतात. काळी साडी. तुम्हाला ती बारीक झालेली वाटेल, ते तेव्हा बोलू नका. कारण गाणं सुरू झालं की तिथे बोलायची कोणालाच परवानगी नाही. हाक मारायची नाही, रडलात तरी आवाज न करता. दीड तास ती तोंड उघडेल आणि तुम्ही फक्त ऐकाल. मधे बोलता येणार नाही, "पण पोरी" म्हणता येणार नाही, तिला परत पाठवता येणार नाही. आणि तिलाही गाणं सोडून निघून जाता येणार नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही दोघी एका छताखाली इतका वेळ राहाल.

त्यानंतर ती खाली उतरेल. तेव्हा काय बोलायचं ते मलाही माहीत नाही, रुक्माबाई, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मी तेवढ्यात उठून चहा कुठे मिळतो ते बघायला जाईन आणि मला वेळ लागेल.

बसमधून उतरलात की स्टँडवरच थांबा, मी घ्यायला येते.

तुमच्या शेजारच्या जागेवर बसून जाणारी, आणि येताना ती जागा रिकामी राहिली तर तक्रार न करता एकटी परत येणारी,

अल्का