नावाआधीचं अक्षर

ता. ४ डिसेंबर

कै. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पाहिलंस का, या खेपेला नुसतं ‘ती.’ नाही. चौथीत शाळा सोडली म्हणून मला मानपान कळत नाही असं तू म्हणतेस ना, म्हणून मोठ्यातला मान लावलाय. आजोबांच्या फोटोखाली आहे तोच. इथे आमच्या दाराशी दगडावर देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. पैसे देणारे नुसते ‘श्री.’, पण ज्याने अख्खी इमारत दिली त्याच्या नावाआधी ‘कै.’. म्हणजे श्री.च्या वरची पायरी असणार. दाजींना सांग, पुढच्या पत्रात त्यांनाही लावतो.

दचकू नकोस, नोकरी अजून शाबूत आहे. घर नसलेल्या पोरांचं हे घर. सगळी अठरा-वीस वर्षांची, कोणाला हाकललेलं, कोणी आपणहून निघालेलं. मी दारावर असतो, सकाळी चादरी धुतो आणि दुपारी बाईंबरोबर फेरीला जातो. बाई म्हणजे इथल्या प्रमुख. किटलीभर चहा आणि कोरडे मोजे घेऊन पोरं जिथे झोपतात तिथे हिंडायचं. पुलाखाली, गाड्या लावायच्या मजल्यांवर, मोठ्या दुकानामागे गरम हवेची जाळी आहे तिथे. आधी मोजे द्यायचे, प्रश्न मागाहून, हा बाईंचा नियम. ओल्या पायांचा माणूस खरं बोलत नाही म्हणतात. मला हे काम आवडलंय. हसू नकोस, प्रत्येक नोकरीला असंच म्हणतो हे मला माहीत आहे.

आता खरी बातमी. आमच्याकडे एक पोरगा आहे, सगळे त्याला शिट्टी म्हणतात. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतो की धावतं कुत्रं खाली बसेल. कोणी शिकवली विचारलं की विषय बदलतो. सावत्र बापाने पाना फेकून मारला होता, कानामागे खूण आहे. दोन हिवाळे रस्त्यावर काढून आमच्याकडे आला. आता एका सुतारकामाच्या कारखान्यात त्याला जागा मिळते आहे, वर राहायला खोलीसुद्धा. पण वीस तारखेच्या आत जन्मदाखला दाखवायला हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. दाखला आईजवळ. ती एका शाळेत झाडलोट करते. शिट्टी म्हणाला की लिहायचं तर शाळेच्या पत्त्यावर, आईलाच, बापाला वास लागता कामा नये.

बाई म्हणाल्या, ऑफिसचं छापील पत्र बघून लोक घाबरतात, तू साधं हाताने लिही. आणि त्या आठवडाभर बाहेरगावी गेल्या. शिट्टीला वाचता येत नाही. तेव्हा सगळी जोखीम माझ्यावर. पण काय पत्र उतरलंय म्हणून सांगू! पोराला घरात कोणी मान दिला नाही, म्हणून त्याच्या खऱ्या नावाआधी मुद्दाम ठसठशीत ‘कै.’ घातलं. पुढे लिहिलं की तुमचा मुलगा आमच्याकडे पोचला. फार हाल काढले, पण आता शांत आहे. थंडीवाऱ्याचा त्रास उरला नाही. तुमची फार आठवण काढत होता. पुढची सगळी व्यवस्था आम्ही करतो, तुम्हाला खर्च नाही. फक्त जन्मदाखला पाठवा, इथे नोंद करायची आहे. वाचून दाखवलं तर शिट्टी पाठ फिरवून बसला. डोळे पुसत असणार. ‘कै.’ मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, पण त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

पत्र कालच टाकलं. तुझी शिलाईची मशीन बरी चालते ना? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. ते शेवटी घे, आधी पुढचं वाच.

अरे शहाण्या, ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. मेलेला माणूस. आजोबा मेले म्हणून त्यांच्या फोटोखाली आहे. इमारत देणाराही मेला असणार. तू मला मारलंस त्याचं काही नाही, मी पत्र वाचून पोट धरून हसले. दाजींनी निरोप दिलाय की त्यांना इतक्यात एवढा मान नको, श्री.वर भागेल.

पण पुढचं वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. तुझं पत्र तू त्या आईच्या डोळ्यांनी एकदा वाच. मुलगा कैलासवासी. आमच्याकडे पोचला. आता शांत आहे. थंडीवाऱ्याचा त्रास उरला नाही. पुढची व्यवस्था आम्ही करतो. नोंद करायची आहे, दाखला पाठवा. धाकट्या, तुझ्या त्या पत्रात पोरगा जिवंत असल्याचा एक शब्द नाही रे. मी दोनदा शोधला.

तुमच्या ऑफिसचा फोन नुसता वाजतो, कोणी उचलत नाही. म्हणून हे तातडीच्या टपालाने. बाई आल्या असतील तर आत्ता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा आणि सगळं सांग. शाळेत फोन करा. आणि त्या पोराला तुझ्या तोंडून कळू दे, दुसऱ्या कोणाकडून नको.

आणखी एक. मी तुला ओळखते. छापखान्यात शाई सांडली, तू पिशवी उचललीस. बेकरीत पाव करपले, तू पिशवी उचललीस. यावेळी पिशवीला हात लावलास तर मी तिथे येऊन तुझ्या पायाला पिशवी शिवीन, आणि माझी शिवण उसवत नाही हे तुला माहीत आहे.

तुझ्या नावाआधी मी ‘चि.’ लिहिते त्याचा अर्थही बहुधा तुला ठाऊक नसेल. चिरंजीव. पुष्कळ जग, असं. इतकी वर्षं प्रत्येक पत्रात तेच सांगते आहे, आणि तुला वाटलं असेल काहीतरी लहान माणसाला लावायचं.

लगेच उत्तर टाक.

तुझी, तू कैलासाला धाडलेली,
ताई


ता. १२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे तरी बरोबर आहे ना?

तुझं पत्र दारावरच वाचलं आणि तसाच आत धावलो. बाई आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि शाळेत फोन लावला. तिकडचा शिपाई म्हणाला, पत्र आलं त्या दिवशी एका मास्तरांनी तिला वाचून दाखवलं. तिने ते घडी करून पदराच्या गाठीत बांधलं, झाडू भिंतीला लावून ठेवला आणि फाटकातून बाहेर पडली ती पुन्हा आलीच नाही. घरी गेली की कुठे गेली, कोणाला माहीत नाही. घरी फोन करायचा म्हणजे बापाला करायचा. बाईंनी तो केला नाही.

शिट्टीला मी सांगितलं. आधी तो हसला. मेल्यावर तरी माझ्या नावाने कोणी पत्र लिहिलं म्हणाला. मग हाताने कानामागची ती खूण चाचपायला लागला. म्हणाला की आई एकटी येणारच नाही, गाडी कुठून सुटते तेही तिला ठाऊक नाही. ती बापाला सांगणार आणि बाप येणार. रडायला नाही, खात्री करायला. आणि जिवंत सापडलो तर मानगुटीला धरून घेऊन जाणार. मी म्हटलं मी दारावर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या दाराने बाप अडत नसतो, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची खाट रिकामी होती. चादर नीट घडी घातलेली. मी दारावर असताना कसा गेला ते देव जाणे, धुण्याच्या खिडकीतून गेला असणार. जाकीट खुंटीवरच आहे, ताई. बाहेर पाण्याच्या नळाला बर्फ धरतोय.

पूल पाहिला, जाळी पाहिली, गाड्यांचे मजले पाहिले. पोरं मला बघून तोंड फिरवतात. शिट्टीने सांगितलं असणार की हाच तो, ज्याने मला मारलं. खाट इथे आठवडाभर राखून ठेवतात, मग दुसऱ्याला द्यावी लागते. वीस तारीख तर डोक्यावर उभीच आहे.

मी पिशवी भरली होती. खरं सांगतो. बाई आल्या, पिशवीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि माझ्या हातात किटली दिली. म्हणाल्या की फेरीला उशीर होतोय. पिशवी खाटेखाली आहे. अजून सोडलेली नाही.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही. तरी असावा.

तुझा,
धाकटा


ता. १५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि यावेळी अर्थासकट.

फार लिहीत नाही. रात्रभर त्या पोराची आईच डोळ्यांसमोर आहे. ती येईल. बापाबरोबर येईल की एकटी, ते सांगता येत नाही, पण येईल. ज्या आईने झाडू तसाच टाकला ती घरात बसणार नाही.

ती येईल तेव्हा दारात तू हवास. दुसऱ्याने सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही. अक्षर तुझं आहे, तेव्हा तोंडही तुझंच हवं. मार पडला तर खा. मी लहानपणी तुला एवढा दिलाय की सवय असेल.

पिशवी सोड.

तुझी,
ताई


ता. १९ डिसेंबर

ती. ताईस (जिवंत, आणि शंभर वर्षं जिवंत),
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दुपारीच ती आली. एकटी. मी दारावरच होतो. पायात चपला झिजून सपाट झालेल्या, काखेत एक पुडकं. माझ्यासमोर पदराची गाठ सोडली आणि माझंच पत्र पुढे केलं. वाट विचारत, बरंचसं पायी, शहरात पोचायलाच तिला कितीतरी दिवस लागले, आणि मग दोन दिवस ती इथले दवाखाने हिंडत होती. मेलेलं माणूस पोरांच्या घरात कशाला ठेवतील, म्हणून आधी तिकडे. प्रत्येक ठिकाणी पत्र दाखवलं, प्रत्येक ठिकाणी नाही म्हणाले. माझ्या एका अक्षराने तिला दोन दिवस मुडदेघरांच्या दारात उभं केलं.

मी सांगितलं की हे मी लिहिलं, मला अर्थ ठाऊक नव्हता, तो जिवंत आहे. ती पुन्हा सांग म्हणाली. पुन्हा सांगितलं. मग ती दाराशी त्या नावांच्या दगडावरच बसली. मारलं नाही मला. मीच म्हटलं की मारा, तर म्हणाली, नंतर, आधी पोरगा दाखव.

आणि तो तर माझ्याजवळ नव्हता. तेही सांगावं लागलं. पळून गेलाय, बाप येईल या भीतीने.

तेव्हा ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली की जिवंत असल्याचं पत्र आलं असतं तर नवऱ्याला विचारून निघाले असते, आणि त्याने निघू दिलं नसतं. मेलेल्याकडे जायला कोणाला विचारायचं? घराकडे फिरकलेच नाही, दाखला शाळेतच कपाटात लपवून ठेवला होता, तो घेतला आणि चालू लागले.

बाईंनी तिला आधी कोरडे मोजे दिले. मग मी किटली घेतली आणि तिला घेऊन निघालो. पुलाखाली नव्हता. जाळीजवळ नव्हता. गाड्यांच्या मजल्यांपाशी आलो तेव्हा मी नाव घेऊन हाका मारणार, तर तिने माझा हात धरला. दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. ताई, तीच शिट्टी. धावतं कुत्रं खाली बसेल अशी. घरात मोठ्याने हाक मारायची सोय नव्हती, म्हणून लहानपणापासून जेवायला ती त्याला असंच बोलवायची.

काही झालं नाही. तिने परत मारली. आणि मग वरून, कुठल्या तरी गाडीमागून, उत्तर आलं.

तो जिना उतरून आला आणि मधेच थांबला. तिच्या मागे कोणी आहे का ते पाहत होता. फक्त मी होतो, किटली धरून. मग उतरला. पुढचं मी बघितलं नाही, चहा ओतत बसलो. किटली रिकामी झाली तरी ओतत होतो.

दाखला काल कारखान्यात दिला. जागा त्याची झाली. आईने परतीचं तिकीट काढलेलं नाही. बाप अजून येऊ शकतो, हे आम्ही सगळे धरून आहोत. बाईंनी तिच्यासाठी एका खोलीचं बोलणं लावलंय, आणि तोवर चादरी धुवायला ती माझ्याबरोबर असते. माझी घडी तिला पसंत नाही. पिशवी सोडली. कपडे खुंटीवर आहेत.

आता तुझं काम. सोबत एक शर्ट पाठवतो आहे. तिच्या काखेतल्या पुडक्यात हाच होता. शेवटचा घालायला म्हणून वाटेत नवा घेतला होता, पण दोन वर्षांपूर्वीच्या मापाने. बाह्या कोपराच्या जरा खालीच संपतात. शिट्टी म्हणतो सोमवारी कामाला जाताना हाच घालणार, दुसरा नाही. तेव्हा बाह्या मनगटापर्यंत आण. कापड कमी पडलं तर जोड लाव, दिसला तरी चालेल.

आणि परत पाठवताना पुडक्यावर पत्ता तूच लिही, माझ्या अक्षरावर इथे कोणाचा भरवसा उरलेला नाही. त्याच्या नावाआधी ‘चि.’ घाल. ठसठशीत.

तुझा,
धाकटा