नातीची झोप आणि माझी देखरेख

४ एप्रिल. सकाळी.
आजपासून ऋतिकाच्या मोबाईलवर माझी देखरेख. नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, पण तिचं तोंड बघायचं तर दार ठोकावं लागतं. पहाटे चारला झोपते, दुपारी एकला उठते. अंजूरला सख्ख्या चुलतबहिणीची हळद, तिथेही आली नाही. सून माहेरी गेलीये. माझा मुलगा पंढरी गोदामात सुपरवायझर, सहालाच ड्युटीला निघतो. त्याला म्हटलं, बापाने ओरडून काय होत न्हाय, माझ्यावर सोड. रात्री नऊला मोबाईल माझ्या उशीखाली. आठ दिवसांत पोरीला माणसांत आणते. चौथी शिकलेय, पण चार पोरं वाढवलीत.

५ एप्रिल.
भांडली नाही. फक्त म्हणाली, आजी, चार्जिंगला लाव. मेला रात्रभर टिंग टिंग करतो. कोणी गेलं की काय म्हणून उघडला. कोणी गेलं नव्हतं.

६ एप्रिल.
त्या हळदीचा व्हिडिओ सापडला. मी धवलारीण, लग्नात धवले गाते, हे गावाला ठाऊक. गाताना दिसते कशी, ते मला आज कळलं. लोकांनी तीनशे वेळा बघितलाय. त्यातल्या चौदा वेळा मी. सूर कुठे घसरला ते शोधायचं तर बघावंच लागतं. हे काम झालं, नाद नव्हे.

८ एप्रिल.
दापोड्याच्या धवलारीण कमळचाही व्हिडिओ आहे. तीन हजार! आवाज पत्र्यावर खडी ओतल्यासारखा, आणि खाली एक बाई लिहिते, किती गोड. शेजारची मेघाली लग्नाला बोलवायला आली होती. दाराआडूनच सांगितलं, डोकं दुखतंय. दुखतच होतं.

९ एप्रिल.
ऋतिका रात्री अकराला झोपली! सकाळी माझ्यासोबत चहा प्यायली. विचारलं, आजी, तुझे डोळे लाल का गं? म्हटलं, तुझ्या काळजीनं. पोर माझे पाय चेपायला बसली. मी चेपू दिले.

१० एप्रिल. रात्री.
उद्या साडेदहाला तिचा शेवटचा पेपर. हा दिला की डिग्री. साडेसातचा अलार्म तिनेच लावून दिला. म्हणाली, वाजला की मला हाक मार आजी, तुझ्यावर हाय सगळं. आज मोबाईल उघडणार नाही. शपथ कशाला, माझा शब्द पुरे.
एकदाच. कमळचे किती झाले तेवढं बघून.

११ एप्रिल. दुपारी.
वाजला होता. मी चारला आडवी झालेली. तो बंद कसा करायचा ते आता येतं मला. डोळे उघडले तेव्हा साडेअकरा. पलीकडच्या खोलीत ऋतिका गाढ झोपलेली. वर्षभरात अशी झोपली नव्हती.

रात्री.
पंढरी आला तो तिच्यावरच तुटून पडला. मोबाईलपायी वर्ष घालवलंस, म्हातारी तुझ्यासाठी मरते, लाज हाय का? ऋतिका माझ्याकडे बघत राहिली. सांगून टाकायचं म्हणून मी तोंड उघडलं. म्हटलं, जाऊ दे रे, पोर हाय, चुकते.
ती ताटावरून उठून गेली. पंढरी म्हणाला, आई, तू किती केलंस तिच्यासाठी. आणि त्याच्या ताटातली सुरमईची तुकडी माझ्या ताटात वाढली.
खाल्ली.