बादलची आई

सोमवार, ८ डिसेंबर
सगळ्यांत आधी कोण आलं, तर शेजारची वत्सला. गाड्या माझ्या दारात आणि ही पुढे, केसांत अबोली माळून! "काकी, सिनेमावाले आले गो!" मेली, मला काय दिसत नाही? मागून बादल उतरला. डोकं पांढरं झालं. पाया पडायला वाकला तसा पाठीत धपाटा घातला, "मेल्या, आता सापडली होय वाट?"
बांगलादेशच्या लढाईत तिकडून पळून आलेलं पोर, चार वर्षांचं. बापाला पोफळीच्या वीजघराच्या कॉलनीत काम लागलं. आमचे हेही तेव्हा तिथेच कामाला, खोलीला खोली लागून. पुढे पोर मुंबईत शूटिंगचे दिवे उचलता उचलता सिनेमे काढायला लागलं. बक्षिसं तरी किती! नात त्याचे सिनेमे मोबाइलवर लावून देते. मला मेली लगेच झोप लागते. ते त्याला सांगितलं नाही.

मंगळवार, ९
आता आईवर सिनेमा काढतोय. फोटो एक नाही. "काकी, तिला बघितलेली तूच राहिलीस."
आईचं काम करणारी मुलगी आणलीय. गोरी, पण काटकी. घावणे वाढले तर अर्धा खाल्लान.

बुधवार, १०
पडवीत शूटिंग. त्या मुलीने फणसाच्या पानाला काडी टोचून चमचा केला, बादल झालेल्या छोट्या पोराला पेज भरवली. बादल म्हणतो, "काकी, आईचं एवढंच आठवतं. हिरव्या बांगड्या, पान, आणि पेजेवर घातलेली फुंकर. माझ्या सगळ्या सिनेमांत हेच आहे. मी जो काय झालो तो यातूनच."
त्याची आई मिनती, बिचारी आली तीच आजारी. खाटेवरून उठली नाही, तिथेच गेली. पानाचा चमचा तिला कुठला ठाऊक? भरवायची मी. बांगड्या माझ्या.
आधी इतका आनंद झाला! पोराने मला एवढं जपलं. मग आत गेले नि रडूच आवरेना. तिच्या वाट्याला काय राहिलं?

गुरुवार, ११
सूनबाईला सांगितलं. "आई, गप्प बसा. या वयात त्याची आई काढून घ्याल?"
खरं तिचं. पण मी भरवायची तेव्हा मिनती खाटेवरून बघायची. पोराने आ केला की तिचंही तोंड उघडायचं. दर घासाला. हे आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक? मी गेले की...

शनिवार, १३
सिनेमावाले निघाले. जाताना बादलने हात धरला, "काकी, आईचं काहीतरी सांग ना."
म्हटलं, "तुला जेवताना बघायची रे."
"भरवताना?"
तोंडातून हो निघेना, नाही निघेना. तेवढ्यात वत्सला फोटो काढायला मध्ये घुसली. पहिल्यांदाच तिचं येणं बरं वाटलं.
आईचा शेवटचा सीन राहिलाय. रविवारी, २१ला येतो म्हणाला.