माझी बंदूक, माझा हक्क आणि नाचणी

२२ सप्टेंबर
विधानसभेची आचारसंहिता लागली. पोलीस पाटील सांगून गेले, परवान्याच्या बंदुका जमा करा. अख्ख्या वाडीत बंदूक माझी एकट्याचीच. ठासणीची, वडिलांपासूनची. परवाना शेतीसंरक्षणाचा. इकडे नाचणी दाण्यावर येतेय. डुकरं मोकाट आणि बंदूक अटकेत! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

२४ सप्टेंबर
एसटीने महाड. सुहासशेठच्या बंदुकीच्या दुकानात जमा केली. त्याने नंबर पडताळला, नळीत डोकावला, विचारलं, शेवटचा बार कधी काढलात? असल्या गोष्टी मी मोजत नाही, असं ठणकावलं.

२९ सप्टेंबर
काल डुकरांनी बांधाकडची नाचणी लोळवली. शेजारच्या शेतातला सोमा म्हणाला, तात्या, बंदूक असती तं काय केला असतात? म्हटलं, एक बार! कळप थेट कशेडी घाटापार. सोमा म्हणाला, व्हय तर. सौ. लोळलेली कणसं गोळा करत राहिली. कौतुक करायची सवयच नाही तिला.

३० सप्टेंबर
तालुक्याला चार पानी अर्ज. शीर्षक : 'माझ्या मालमत्तेवरील घाला'. सौ. म्हणते, बांधाला जुनी लुगडी बांधूया, डुकरं बुजतात. म्हटलं, प्रश्न हक्काचा आहे, लुगड्यांचा नाही.

४ ऑक्टोबर
पुन्हा महाड. जरा हातात देतोस का, म्हटलं. सुहासशेठ नाही म्हणाला. बंदूक तुमची, पण जबाबदारी माझी. सुटकेचा कागद आणा, मग न्या. लायसन्स गेलं तर मला कोण पोसणार? माझीच बंदूक मी लांबून पाहिली. वाळल्यासारखी वाटली.

८ ऑक्टोबर, दसरा
देवळात भाषण केलं. मी निःशस्त्र आहे म्हणून डुकरं माजली आहेत. टाळ्या. अर्ज काही मंजूर व्हायचा नाही, पण लढा महत्त्वाचा. हल्ली झोप छान लागते.

११ ऑक्टोबर
अर्ज मंजूर. पिकाचं रक्षण करण्यासाठी खास सूट.
सरकारी कामात असं करतात का कुठे?

१२ ऑक्टोबर
सकाळपासून कंबर धरली होती. सोमा दारात रिक्षा घेऊनच हजर. सुहासशेठ म्हणाला, कागद आला, आता मला एक दिवसही ठेवता येत नाही. कायद्याचा फार बाऊ करतो हा माणूस. वाडीत गुलाल उधळला. बंदुकीवर, माझ्यावर.

१४ ऑक्टोबर, पहाटे
रात्री मचाणावर होतो. डुकरं आली. ठासणीच्या बंदुकीला घाई चालत नाही : आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, मग बार पेटवणारी केप. माझी दारू मापून होईपर्यंत त्यांनी निम्मं शेत खाल्लं. केप अंधारात खाली पडली. शोधायला उतरलो नाही. शेताचं रक्षण जमिनीवर उतरून करावं, असं परवान्यात कुठेही लिहिलेलं नाही. सोमाच्या शेताला एकाही डुकराने तोंड लावलं नाही. परवाना कुणाचा आहे हे त्यांना कळत असावं.

१५ ऑक्टोबर
उरलेलं निम्मंही गेलं. कंबर दुखत असल्याने घरीच होतो. बंदूक उशाशी होती. तिला ओरखडाही आला नाही.

१९ ऑक्टोबर
तलाठी पाहणीला आले. शेतात उभे राहून विचारलं, पीक कुठंय? म्हटलं, डुकरांनी खाल्लं. मग बंदूक कुठं होती? म्हटलं, घरी, सुरक्षित. ते म्हणाले, संरक्षण करायला पीकच नाही, तर सूट कशाला? बंदूक परत जमा करा. परवान्याचंही वर कळवतो.

२१ ऑक्टोबर
मतदान केलं, घरून बंदूक घेतली आणि रिक्षाने महाडला गेलो. सुहासशेठने नळी पाहिली. मापलेली दारू तशीच आत होती, ती आधी काढली. आणि केवढा ओरडला! भरलेली बंदूक रिक्षातून आणता? परतताना खांदा हलका वाटला. वाईटही वाटलं. वडिलांची होती.

२६ ऑक्टोबर
सौ. सोमाकडे कापणीला गेली. मजुरी म्हणून नाचणी आणली. भाकरी गोड लागली, हे मान्य करतो. सोमाचं थोडं पीक अजून उभं आहे. त्याचा निरोपही तिनेच आणला : तात्यांना रात्री जागलीला पाठव गो, पत्र्याचा डबा वाजवायचा हाय. त्याला परवाना लागत नाय.
नऊला बोलावलंय. आठलाच निघतो.